मरण टळत नाही, मागच्यांची फरफट टळू शकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जन्माला आला तो जाणारच, हे कीर्तनात ऐकताना आपण सगळे माना डोलावतो. घरातल्या पंच्याऐंशीच्या आजींनी जेवण सोडले, की तीच माणसे जळगावला न्यायचे, नाशिकला, की थेट सुरतेला, यावर रात्रभर वाद घालतात. आजी अतिदक्षता विभागात जातात, चार-सहा दिवसांनी तिथेच संपतात. कपाशीचा नाहीतर केळीचा आलेला पैसा बिलात जातो. मग वर्षभर मृत्यूचा दाखला, वारस नोंद आणि बँकेतली ठेव यांच्यापायी हेलपाटे. यात आजींचे जाणे अटळ होते. बाकीचे बरेचसे अटळ नव्हते, आणि त्यासाठीच हे पत्र.

मृत्यू टाळता का येत नाही, हे आधी शरीराच्या बाजूने पाहू. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे की केळीचे खोड एकदा घड देते आणि संपते, पुढे त्याच्या बुडाशी फुटलेल्या पिलांची बाग, म्हणजे पिलबाग, चालते. तिथे मरण खोडातच ठरलेले असते. माणसाच्या शरीरात असे वेळापत्रक नाही. आपल्याकडे झीज आणि दुरुस्ती जन्मभर बरोबरीने चालतात, आणि वय वाढते तशी दुरुस्ती मागे पडत जाते. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते, पण त्याच्या स्नायूपेशी वर्षाला एक टक्कासुद्धा नव्या होत नाहीत. चाळिशीनंतर मूत्रपिंडाची गाळण्याची ताकद दरवर्षी साधारण एक टक्क्याने उतरते. ज्या पेशी विभागतात त्यांनाही मर्यादा आहे. लिओनार्ड हेफ्लिक या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवले, की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या साध्या पेशी पन्नासेक वेळा विभागल्या की थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांची टोपणे दर विभाजनाला झिजतात, हे त्याचे कारण पुढे सापडले. मग ही मर्यादा काढूनच टाकावी, असे कोणालाही वाटेल. पण मर्यादा न मानता विभागत राहणाऱ्या पेशी शरीरात सापडतातच, आणि त्यांनाच आपण कर्करोग म्हणतो. म्हणजे जो ब्रेक आपल्याला म्हातारे करतो, तोच तरुणपणी गाठींपासून राखतो.

विम्याचे गणित करणाऱ्या बेंजामिन गोम्पर्ट्झ यांनी १८२५ मध्येच या झिजेचा हिशेब मांडला होता. मोठ्या माणसाचा मृत्यूचा धोका साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होतो. तिशीपासून सत्तरीपर्यंत तो पाच वेळा दुप्पट होतो, म्हणजे बत्तीस पट. उद्या एखादा आजार जगातून पुसला गेला तरी रांगेतला पुढचा आजार उभाच असतो. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, आज ते सत्तरीच्या घरात आहे; पण यातला मोठा वाटा लसी, शुद्ध पाणी आणि जुलाबावरच्या साखर-मिठाच्या पाण्यामुळे वाचलेल्या लहान मुलांचा आहे. आयुष्याचे वरचे टोक फारसे हललेले नाही. खात्रीच्या नोंदी असलेले सर्वांत मोठे वय फ्रान्सच्या जाँ काल्माँ यांचे, १२२ वर्षे. त्या १९९७ मध्ये गेल्या आणि त्यानंतर तो आकडा कोणी ओलांडलेला नाही.

आता व्यवहार. ‘कशाने गेले?’ याचे उत्तर आपल्याकडे ‘हार्ट बंद पडले’ असे असते आणि पुष्कळदा दवाखान्याच्या कागदावरही तेच उतरते. हृदय प्रत्येकाचेच बंद पडते. ते मृत्यूचे कारण नाही, तो मृत्यूच आहे. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला दवाखान्यात नमुना ४ वर आणि घरी मृत्यू झाल्यास, उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून, नमुना ४ अ वर असतो. त्याच्या पहिल्या भागात कारणांची साखळी वरून खाली लिहायची असते: सर्वांत वर शेवटची घटना आणि सर्वांत खाली जिथून सगळे सुरू झाले ते मूळ कारण. समजा आजोबा मोरीत घसरले, खुब्याचे हाड मोडले, महिनाभर पडून राहिले आणि न्यूमोनियाने गेले. तर वर न्यूमोनिया, त्याखाली अंथरुणाला खिळणे, त्याखाली पडल्याने खुब्याचे हाड मोडणे. जुना मधुमेह या साखळीत येत नाही, तो दुसऱ्या भागात. नुसते ‘हृदय व श्वसनक्रिया बंद’ लिहिले तर अपघात विम्याचा दावा तिथेच अडतो, आणि जिल्ह्यात लोक कशाने मरतात हे आरोग्य खात्यालाही कळत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या दाखल्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. ती मागून घ्यावी आणि तिथेच उभे राहून वाचावी.

शेवटच्या दिवसांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका मायेपोटी इथेच होतात. जुना आजार पुरता वाढलेला आहे, आता सुधारणा नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, अशा माणसाचे शरीर क्रमाने आवरते घेते. आधी भूक जाते. झोप वाढते. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर आणि तळव्यांवर निळसर जाळी दिसते. श्वास काही वेळ खोल, मग उथळ, मग पंधरा-वीस सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. घशात साचलेल्या लाळेची घरघर लागते. ती ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितकी त्या माणसाला बहुधा जाणवत नाही, कारण शुद्ध हरपत आलेली असते. जेवण सोडले म्हणून माणूस मरत नसतो, मरणाच्या वाटेला लागल्याने जेवण सुटलेले असते.

अशा वेळी चमच्याने दूध, मोसंबीचा रस, गंगाजल घशात ओतायचा आग्रह होतो. गिळण्याची ताकद गेलेली असते, पाणी श्वासनलिकेत उतरते आणि शांतपणे जाणारा माणूस गुदमरून जातो. तुळशीपत्र ओठांवर ठेवा, ओला कापूस ओठांवरून फिरवा, तेवढे पुरते. कुशीवर वळवून डोक्याखाली पातळ उशी दिली की घरघर कमी होते. दर दोन तासांनी कूस बदलली तर पाठीला जखमा होत नाहीत. सलाईनचा हट्ट धरू नये. मूत्रपिंडे थकलेली असताना ते पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचते आणि धाप वाढते. कर्करोगाच्या वेदनेला मॉर्फिन हे खरे औषध आहे. २०१४ मध्ये कायदा बदलून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी त्याची वाट सोपी केली. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत ते वेदना मारते, माणसाला नाही. तरीही ‘शेवटचं इंजेक्शन’ या भीतीने घरचेच नको म्हणतात आणि रोगी कण्हत राहतो.

हे सगळे आजाराच्या शेवटाला आलेल्या माणसाबद्दल झाले. छातीत कळ, साप, उष्माघात, विजेचा धक्का, विषारी फवारणी यांत एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करायचा. साप चावलेल्याला दोरी करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, पाय न हलवता थेट प्रतिसर्पविष असलेल्या ग्रामीण रुग्णालयात न्या, आधी भगताकडे नको. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना बडबडणारा, तापून लाल झालेला माणूस दिसला तर आधी सावली, अंगावर पाणी आणि वारा, मग गाडी. मृत्यू अटळ आहे म्हणून प्रत्येक मृत्यू अटळ होता असे होत नाही.

यंत्रांवर किती दिवस ठेवायचे, याचा निर्णय माणसाने स्वतः शुद्धीत असताना लिहून ठेवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात तो हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. सज्ञान व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर सही करायची, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे, आपल्या वतीने बोलणाऱ्या नातलगांची नावे त्यात घालायची, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. नंतर वेळ आलीच तर रुग्णालयातली डॉक्टरांची दोन मंडळे तपासून निर्णय घेतात. ही इच्छामरणाची सुई नव्हे. निष्फळ उपचार थांबवणे आणि मुद्दाम जीव घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चारचौघांत हे बोलताना त्यांची सरमिसळ होते.

मृत्यूनंतरचा पहिला तास घाईचा असतो. वेळ लिहून ठेवावी. पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, हनुवटीखालून पट्टी बांधावी, काढलेली कवळी बसवावी, हातपाय सरळ करावेत, अंगठ्या उतरवाव्यात. दोन ते चार तासांत जबड्यापासून ताठरपणा सुरू होतो आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. मग हे काही जमत नाही. सुरतेहून, मुंबईहून मुले येईपर्यंत थांबायचे असेल तर गारव्याची शवपेटी आधी सांगावी. देह गोधड्यांत गुंडाळून पेटीत ठेवला तर गारवा आत पोचत नाही.

नेत्रदान करायचे तर नेत्रपेढीला ताबडतोब फोन करावा. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. पंखा बंद ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. उकाड्यापायी डोक्यावर पंखा सोडून ठेवतात आणि पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, वाळते, हे फार वेळा होते. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह यांमुळे नेत्रदान अडत नाही. रेबीज, एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांत अडते. मृताने अर्ज भरलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीने दान होते, आणि अर्ज भरलेला असूनही घरच्यांनी नाही म्हटले तर होत नाही. म्हणून अर्जापेक्षा घरात बोलून ठेवणे महत्त्वाचे. देहदान धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमुळे आता दूरचे राहिलेले नाही. शवविच्छेदन झालेला किंवा खराब होऊ लागलेला देह ते घेत नाहीत, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला सोबत लागतो. डोळे आधी देऊन मग देह देता येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांतून ही वेळ गाठणे अवघड आहे, हेही खरे.

दहनाला साधारण तीनशे ते चारशे किलो कोरडे लाकूड लागते. पावसाळ्यात ओली बाभूळ रचून वर डिझेल ओतत बसण्यापेक्षा गावाने शेडमध्ये लाकूड भरून ठेवणे स्वस्त पडते. मृताच्या छातीत पेसमेकर असेल तर दहनाआधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा. त्याची बॅटरी आगीत फुटते. अस्थी तापीकाठच्या प्रकाशा गावी न्या किंवा चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर, गाठोड्यातले प्लास्टिक आणि कपडे नदीत जाऊ नयेत एवढे पाहा.

विहिरीत पडणे, साप, वीज, विष, अपघात, गळफास यांत पोलीस पाटलाला आणि पोलिसांना कळवल्याशिवाय अग्नी देऊ नये. ‘फाडाफाड नको’ म्हणून रातोरात उरकले, की पुढे पंचनामा नाही, शवविच्छेदनाचा अहवाल नाही, आणि मग गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतले दोन लाख रुपये मागायला हातात काही उरत नाही. ही योजना १० ते ७५ वयासाठी आहे, खातेदार शेतकऱ्याबरोबर घरातल्या एका सदस्यालाही लागू आहे आणि अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत मोफत होते. तेरावे झाल्यावरही आठ दिवस हातात असतात, तरी मुदत चुकते, कारण घरात प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केले असेल. २१ ते ३० दिवसांत विलंब शुल्क. ३० दिवसांपासून एक वर्षापर्यंत जिल्हा निबंधकांची किंवा ठरवलेल्या अधिकाऱ्याची परवानगी. वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. आणि सर्वांत मोठा घोटाळा ठिकाणाचा. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, राहत्या गावी नाही. यावलचा माणूस जळगावच्या दवाखान्यात गेला तर नोंद जळगाव महापालिकेत, शहाद्याचा सुरतेत गेला तर सुरतेत. वाटेत गाडीत प्राण गेला तर गाडी जिथे पहिल्यांदा थांबली तिथे. गावच्या ग्रामपंचायतीत महिनाभर चकरा मारून मग हे कळते, तोवर २१ दिवस गेलेले असतात.

त्याहून चिवट दुखणे नावाचे. आपल्याकडच्या जुन्या माणसांची नावे घरात एक, सातबाऱ्यावर दुसरे, आधारवर तिसरे. सातबाऱ्यावर ‘उखा’, आधारवर ‘उखाजी’, बँकेत ‘उखर्डू’. आजी माहेरच्या नावाने एका उताऱ्यावर, सासरच्या नावाने दुसऱ्यावर, कुठे सोनाबाई तर कुठे सोनूबाई. दाखल्यावर एकदा चुकीचे नाव छापले गेले की विमा, बँक, तलाठी प्रत्येकाकडे वेगळे प्रतिज्ञापत्र. म्हणून नोंद करायला जाताना आधार, सातबारा आणि पासबुक तिन्ही घेऊन जावे आणि नाव, वडिलांचे-पतीचे नाव, वय, पत्ता छापण्यापूर्वी वाचून घ्यावा. त्याहून चांगले म्हणजे माणूस हयात असतानाच नावे एकसारखी करून घ्यावीत. त्याची स्वतःची सही तेव्हा मिळते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्याव्यात.

मृताचे पासबुक मे-जूनच्या पानांवर नीट पाहावे. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे दोन लाख आहेत, २० रुपये दिसले तर सुरक्षा विम्याचे, तेही दोन लाख, पण अपघात असला तर. बँक आपण होऊन फोन करत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस ५९ वर्षांच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार तहसीलमधून मिळतात. बँक खात्याला नामनिर्देशित व्यक्ती असली तर पैसे तिच्या हाती लवकर येतात, पण ती मालक होत नाही, इतर वारसांच्या वतीने तिने ते सांभाळायचे असतात. यावरून भाऊ-भाऊ कोर्टात गेलेले प्रत्येक तालुक्यात सापडतील. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसावा.

जमिनीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची: दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सर्वांचे आधार. अर्ज शासनाच्या ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरूनही होतो. नोटीस निघते, १५ दिवस हरकतीला असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती उगाच नाही. कित्येक उताऱ्यांवर आजोबा-पणजोबाच खातेदार होते. बहिणींची नावे वारसांत घालावीच लागतात, त्यांना वगळून केलेले प्रतिज्ञापत्र खोटे ठरते. उत्तरकार्याला बहीण आलीच आहे तर कोऱ्या कागदावर तिची सही उरकून घ्यायची, ही आपल्याकडची रीत आता थांबली पाहिजे. तिला हक्क सोडायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हक्कसोड लेखच चालतो, आणि सोडायचा की नाही हे ती दुःखाच्या तेराव्या दिवशी ठरवेल अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे.

यातले निम्मे काम जिवंतपणी बोलण्याने संपते. खान्देशात त्यासाठी वेगळा दिवस शोधायला नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरतो, आगारी टाकतो, सासुरवाशिणी माहेरी असतात, सगळे घर एकत्र असते. पितरांचे नाव घेतले जाते त्या दुपारी आमरस-सांजोऱ्या झाल्यावर सातबारा, पासबुके, विम्याच्या पावत्या पुढ्यात घेऊन बसायला अशुभ काय आहे? म्हाताऱ्यांना याचे वाईट वाटेल ही भीती मुलांना असते. वाईट बहुधा मुलांनाच वाटते. म्हातारी माणसे स्वतःच्या दहनाचे लाकूडसुद्धा निवांतपणे ठरवतात.

आपल्याकडे एक विनंती. निधनवार्तांच्या पानावर अंत्ययात्रेची वेळ, द्वारदर्शन, उत्तरकार्य हे सगळे छापून येते. त्याच पानाच्या कोपऱ्यात रोज चार ओळींची चौकट द्यावी: नेत्रपेढीचा दूरध्वनी, नोंदीची २१ दिवसांची मुदत, नोंद मृत्यूच्या ठिकाणी होते ही सूचना, आणि शेतकरी अपघात योजनेचे ३० दिवस. ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या घरातले लोक ते पान त्या दिवशी हमखास उघडतात.

आपला,
एक निवृत्त आरोग्य पर्यवेक्षक
चोपडा, जि. जळगाव